बटणाने सुरू होणाऱ्या गाडीतील ‘ॲक्सेसरी’ आणि ‘ऑन’ या अवस्था ओळखाव्यात कशा

जुन्या पद्धतीच्या गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याला किल्लीचे गोल कुलूप असे आणि त्याच्या कडेने लॉक, एसीसी (म्हणजे ॲक्सेसरी), ऑन आणि स्टार्ट अशी चार नावे कोरलेली असत. किल्ली कुठवर फिरली आहे ते डोळ्यांना दिसे आणि न पाहताही मनगटाला कळे. शिवाय किल्ली काढून घ्यायची तर ती लॉकपर्यंत मागे फिरवावीच लागे, त्यामुळे किल्ली खिशात आली म्हणजे गाडी पूर्ण बंद झाली, याबद्दल शंकेला जागा नसे. बटणाच्या गाडीत नेमकी ही खूण नाहीशी झाली आहे. बटण दाबून सोडले की ते पुन्हा पूर्वीच्या जागी येते, त्याच्याकडे पाहून बहुधा काहीच उमगत नाही आणि चावी तर आधीपासूनच खिशात असते. जुन्या कुलपातील चारही टप्पे मात्र आतून तसेच शिल्लक आहेत. ते आता हाताला जाणवत नसल्यामुळे ओळखायला शिकावे लागतात, एवढाच फरक पडला आहे.

पहिली गोष्ट अशी की, बटणाचा अर्थ पायावर अवलंबून असतो. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर आणि मॅन्युअल गाडीत क्लचवर पाय पूर्ण दाबलेला असेल, तर बटण एकदा दाबताच इंजिन सुरू होते, मग त्याआधी गाडी कोणत्याही अवस्थेत असो. पाय पेडलवर नसेल तर तेच बटण इंजिनाला हात न लावता केवळ अवस्था बदलत जाते. पहिल्या दाबाला ॲक्सेसरी, दुसऱ्याला ऑन आणि तिसऱ्याला पुन्हा ऑफ, हा क्रम मारुती सुझुकी, टोयोटा, ह्युंदाई यांच्या बहुतेक गाड्यांत आढळतो. काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत ॲक्सेसरी हा वेगळा टप्पाच ठेवलेला नसतो आणि पहिल्याच दाबाला गाडी ऑनमध्ये जाते, म्हणून आपल्या गाडीचा क्रम एकदा स्वतः करून पाहावा. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, दोन्ही पाय मागे घ्यावेत आणि प्रत्येक दाबानंतर चार-पाच सेकंद थांबून डॅशबोर्डवर काय बदलले ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, पण गाडी घेऊन वर्ष झालेल्या अनेकांनी ते एकदाही केलेले नसते, कारण रोजच्या वापरात ब्रेक दाबून थेट इंजिन सुरू करण्यापलीकडे बटणाशी आपला संबंध येत नाही.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन सुरू होण्यासाठी गिअर पी (पार्किंग) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) असावा लागतो. मारुतीच्या एजीएस गाड्यांसारख्या एएमटी प्रकारात, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर यंत्राने बदलणाऱ्या गाड्यांत, मात्र पी हा टप्पाच नसतो, तेथे एनमध्ये आणून ब्रेक दाबावा लागतो. आजवर मॅन्युअल गाडी चालवलेला माणूस एएमटी घेतो तेव्हा पहिल्या आठवड्यात ‘बटण दाबतो आहे पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) लागत नाही’ अशी तक्रार करतो, तिचे कारण बहुतेक वेळा गिअर डीमध्ये (ड्राइव्ह) राहिलेला असणे हेच असते.

आता या अवस्थांमध्ये प्रत्यक्ष कशाला वीज मिळते ते पाहू. वायरिंगचे काम करणारे कारागीर विजेचे ढोबळ तीन प्रकार मानतात. काही तारांना बॅटरीतून कायम ‘थेट’ करंट असतो. घड्याळ, दारांची कुलपे, हजार्डचे दिवे आणि चोरीविरोधी यंत्रणा त्यावर चालते, म्हणून गाडी पूर्ण बंद असतानाही हजार्ड लागतात. दुसऱ्या तारा ॲक्सेसरीत जिवंत होतात. म्युझिक सिस्टिम, बारा व्होल्टचे सॉकेट, अनेक गाड्यांत यूएसबी आणि आरसे हलवणारी मोटर त्यांत मोडते. तिसऱ्या तारांना ऑन झाल्यावरच वीज मिळते आणि या गटात जवळजवळ सगळी गाडीच येते: मीटर, वायपर, इंडिकेटर, काचा, ब्लोअर, एअरबॅग व एबीएसची (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) नियंत्रणे, इंजिनाचा संगणक आणि पेट्रोलचा पंप. जर्मन मानकाच्या ज्या क्रमांकांवरून अनेक गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे वाचले जातात, त्यांत कायम वीज असलेल्या टोकाला ३०, इग्निशनच्या टोकाला १५ आणि सेल्फकडे जाणाऱ्या टोकाला ५० हा आकडा असतो. डॅशकॅम बसवून घेताना तारांच्या या तीन प्रकारांची माहिती थेट उपयोगी पडते. कॅमेऱ्याची तार ‘थेट’ जोडली तर तो रात्रंदिवस चालू राहून बॅटरी खातो, म्हणून ती ॲक्सेसरीच्या किंवा इग्निशनच्या फ्यूजवर घ्यायला सांगावे. गाडी उभी असतानाही चित्रण हवे असेल, तर बॅटरीचे व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेल्यावर कॅमेऱ्याची वीज तोडणारे उपकरण मध्ये बसवून घ्यावे.

ऑन ही अवस्था अनेकांना निरर्थक वाटते, कारण तीत इंजिनही सुरू नसते आणि गाणी तर ॲक्सेसरीतही ऐकता येतात. माझ्या मते मात्र चारही अवस्थांत सर्वांत जास्त माहिती देणारी अवस्था हीच आहे. गाडी ऑनमध्ये गेली की मीटरवरील इशाऱ्याचे बहुतेक सर्व दिवे एकदम लागतात. यात बिघाड नसतो, दिवे शाबूत असल्याची ती चाचणी असते. एअरबॅगचा दिवा साधारण ६ सेकंदांनी विझतो, एबीएसचाही काही क्षणांत जातो, तर ऑइलच्या दाबाचा, बॅटरीचा आणि इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत लागूनच राहतात आणि ते तसे राहिलेच पाहिजेत. पेट्रोल गाडीत त्याच वेळी मागच्या सीटखालून सुमारे दोन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो पंप पाइपांत दाब तयार करीत असल्याचा असतो. शांत पार्किंगमध्ये कान दिला तर तो स्पष्ट ऐकू येतो आणि गाडी सुरू होत नसेल तेव्हा पंप जिवंत आहे की नाही, याची पहिली साक्ष मिळते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर ऑनमध्ये थांबल्याशिवाय व्यवहारच करू नये. इंजिनाचा पिवळा दिवा किंवा एअरबॅगचा दिवा ऑनमध्ये मुळीच लागत नसेल, तर यंत्रणा निर्दोष आहे असा त्याचा अर्थ होत नाही. दिवा काढून टाकलेला किंवा तोडलेला असण्याची दाट शक्यता असते. ब्रेक दाबून थेट इंजिन सुरू केले की हे सारे क्षणार्धात उरकून जाते आणि न लागलेला दिवा नजरेतून सुटतो. म्हणून विक्रेत्याला गाडी सुरू करू न देता आपणच ड्रायव्हरच्या सीटवर बसावे, पाय मागे घेऊन बटण दोनदा दाबावे आणि प्रत्येक दिवा लागतो का व कधी विझतो ते निवांत पाहावे. मेकॅनिक स्कॅनर जोडून इंजिनाचे कोड वाचतात तेही बहुधा याच अवस्थेत. डिझेल गाडीत गुंडाळलेल्या तारेच्या आकृतीचा दिवा दिसला तर तो विझेपर्यंत थांबायचे असते, कारण तोवर ग्लो प्लग सिलिंडर तापवीत असतात. बटण दाबल्यावर नवीन गाडी स्वतःच तेवढे थांबून मग सेल्फ फिरवते, म्हणून महाबळेश्वरच्या थंडीत क्षणभर काहीच झाले नाही तरी बटण पुन्हा पुन्हा दाबू नये.

ऑनमध्ये एक सावधगिरी मात्र आहे. एअरबॅगची यंत्रणा या अवस्थेत जागी असते. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या हलवणे, स्टिअरिंगच्या आच्छादनाला हात घालणे किंवा म्युझिक सिस्टिम बदलणे ही कामे गाडी ऑफ करून, शक्यतो बॅटरीची ऋण तार सोडून आणि काही मिनिटे थांबूनच करावीत.

बॅटरी किती वेळ तग धरते

ॲक्सेसरी आणि ऑन या दोन्ही अवस्थांत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) फिरत नाही, म्हणजे जो काही खर्च होतो तो बॅटरीतील शिल्लकीतून होतो. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी असते. साध्या हॅलोजनच्या दोन हेडलाइट प्रत्येकी ५५ वॅटच्या धरल्या तर ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर होतात. कागदावर ही बॅटरी पावणेचार तास पुरते, परंतु सेल्फ फिरवताना क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर लागत असल्याने ती निम्मी उतरली तरी गाडी रुसण्याची शक्यता असते, आणि तो टप्पा दोन तासांच्या आतच येतो. बॅटरी तीन-चार वर्षे जुनी असेल तर त्याहूनही लवकर. सोबत ब्लोअर मोठ्या वेगावर ठेवला तर हिशेब तासाभरावर येतो. नुसत्या ॲक्सेसरीत गाणी ऐकण्याचा खर्च त्यामानाने बराच कमी असतो. म्हणून कोणाची वाट पाहत बसायचे असेल आणि फक्त रेडिओ हवा असेल, तर ऑनपर्यंत न जाता एका दाबावर थांबावे, हे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उपयोगी सूत्र आहे. नातेवाइकाच्या लग्नात मंगल कार्यालयाबाहेर मी ऑनमध्ये ब्लोअर लावून दीड तास बसलो होतो आणि वरात निघाली तेव्हा गाडीतून टक्-टक् आवाजापलीकडे काहीही निघाले नाही. हवा तर थंड नव्हतीच, कारण साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन बंद असताना ब्लोअर फक्त बाहेरचीच हवा आत ढकलतो. लहान मुलांना किंवा वृद्धांना ‘ब्लोअर लावून ठेवला आहे’ म्हणून उन्हातल्या गाडीत बसवून जाणे याच कारणाने धोक्याचे आहे.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा. १२.२ म्हणजे बॅटरी साधारण अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेली समजावी. इंजिन चालू असताना तोच आकडा बहुधा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतो.

विसरलेली गाडी स्वतःहून बंद होण्याची सोयही अनेक कंपन्यांनी दिलेली आहे. टोयोटाच्या पुस्तिकांनुसार, गिअर पीमध्ये असेल तर ॲक्सेसरीत २० मिनिटांनंतर आणि इंजिन बंद ठेवून ऑनमध्ये एका तासानंतर वीज आपोआप तुटते. अर्थात, ‘गिअर पीमध्ये असेल तर’ ही अट येथे कळीची आहे. ऑटोमॅटिक गाडी डी किंवा एनमध्ये ठेवूनच इंजिन बंद केले, तर अशा अनेक गाड्या ऑफपर्यंत पोहोचतच नाहीत, त्या ॲक्सेसरीत अडकून राहतात आणि वेळेची सोयही लागू होत नाही. इंजिनाचा आवाज थांबला म्हणजे गाडी बंद झाली असे समजून माणूस निघून जातो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. म्हणून क्रम असा ठेवावा: गाडी थांबवणे, हँडब्रेक ओढणे, गिअर पीमध्ये टाकणे आणि त्यानंतरच बटण दाबणे.

खाली उतरल्यावर खात्री करून घेण्याचा सोपा उपाय दाराच्या हँडलवरील बटणात आहे. गाडी ॲक्सेसरीत किंवा ऑनमध्ये राहिली असेल तर बहुतेक गाड्या त्या बटणाने कुलूपबंद होत नाहीत आणि बीप वाजवून निषेध करतात. हा आवाज अनेकजण ‘चावीचा सेल कमी झाला असेल’ म्हणून सोडून देतात आणि गाडी तशीच उघडी ठेवून जातात. बीप वाजला तर आधी आत डोकावून मीटर काळा आहे का ते पाहावे. टोयोटाच्या अनेक गाड्यांत बटणावरही लहान दिवा असतो. ॲक्सेसरी व ऑनमध्ये तो नारिंगी असतो, ब्रेक दाबून गाडी सुरू होण्यास तयार झाली की हिरवा होतो आणि इंजिन चालू असताना विझलेला असतो. हिरवा दिवा लुकलुकत असेल तर स्टिअरिंगचे कुलूप सुटलेले नाही असे समजावे. अशा वेळी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवीत बटण दाबले की ते सुटते. नारिंगी दिवा लुकलुकणे मात्र बिघाडाचे लक्षण आहे. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात.

आवाज न करणाऱ्या गाड्या

सिग्नलला आपोआप इंजिन थांबवणाऱ्या गाड्यांत आणि हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांत ‘आवाज नाही म्हणजे बंद’ हा जुना नियम साफ फसतो. सिग्नलवर थांबलेली गाडी ऑनमध्येच असते आणि कधीही पुन्हा सुरू होऊ शकते. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्रॉंग हायब्रिड प्रकारात आणि इनोव्हा हायक्रॉससारख्या गाड्यांत ब्रेक दाबून बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाज येईलच असे नाही, मीटरवर ‘रेडी’ हा शब्द उमटतो आणि तेव्हा गाडी चालण्यास सज्ज झालेली असते. या गाड्यांमध्येही १२ व्होल्टची लहान बॅटरी असतेच आणि मोठ्या बॅटरीतून तिला भरणारी यंत्रणा रेडी अवस्थेतच काम करते. त्यामुळे साध्या गाडीला दिलेला सल्ला येथे उलटा होतो: थोडा वेळ गाडीतच बसून राहायचे असेल तर हायब्रिड ॲक्सेसरीत किंवा ऑनमध्ये ठेवण्यापेक्षा पीमध्ये घालून रेडीमध्ये ठेवलेली बरी, एसीही त्यात चालतो. मात्र इंजिन मधूनमधून स्वतःहून सुरू होते, म्हणून सोसायटीच्या तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये हे करू नये. बटणाची गाडी चालू राहिल्याचे न कळल्यामुळे अमेरिकेत घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू झाले आहेत, आणि २०२० च्या मॉडेलपासून तेथील गाड्यांत इंजिन ठराविक वेळाने आपोआप बंद करण्याची सोय देण्याचे टोयोटाने २०१९ मध्ये जाहीर केले. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ सांगते की, सार्वजनिक जागी उभ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला नसेल, तर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे.

चावीविषयीचा एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. इंजिन सुरू झाल्यावर चावी गाडीपासून दूर गेली तरी इंजिन थांबत नाही, फक्त इशारा वाजतो. पतीने गाडी सुरू केली, चावी पत्नीच्या पर्समध्ये राहिली, पत्नी ठाण्याला उतरली आणि गाडी नाशिकपर्यंत बिनतक्रार गेली. परंतु तेथे एकदा बंद केल्यावर ती पुन्हा सुरू होणार नाही, ॲक्सेसरीतही जाणार नाही. चावी नेहमी चालवणाऱ्याच्याच खिशात असावी, हा नियम घरात सर्वांनी पाळावा.

चावीतील सेल, जो बहुधा ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो, संपला तरी गाडी सुरू करता येते. चावीत दडवलेली धातूची किल्ली काढून दार उघडावे, ब्रेक दाबावा आणि चावी बटणाला टेकवून बटण दाबावे. चावीतील चिपला अशा वेळी गाडीच जवळून ऊर्जा पुरवते. काही गाड्यांत चावी ठेवण्याची जागा बटणाऐवजी कप होल्डरजवळ असते.

धावत्या गाडीत बटण

गाडी धावत असताना बटणाला चुकून बोट लागले तर इंजिन बंद पडू नये, म्हणून तेथे साधा दाब मुद्दाम निष्प्रभ केलेला असतो. संकटात इंजिन बंद करायचेच असेल, तर बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावे किंवा लागोपाठ तीन वेळा दाबावे. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ लेक्ससच्या गाडीत चुकीच्या आकाराच्या मॅटखाली ॲक्सिलरेटर अडकला आणि चौघे दगावले. त्या गाडीचे बटण ३ सेकंद दाबून धरावे लागत होते आणि गाडी त्यांना तात्पुरती वापरायला मिळालेली होती. परक्या गाडीत बसताना ही गोष्ट आधी माहीत असणे किती गरजेचे आहे, ते यावरून कळावे. ॲक्सिलरेटर अडकल्यास आधी ब्रेक जोराने दाबून धरावा, तो पंप करू नये, गिअर एनमध्ये टाकावा आणि तरीही भागले नाही तरच बटण वापरावे, कारण इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते. अशा वेळी अनेक गाड्या ऑफमध्ये न जाता ॲक्सेसरीत थांबतात, त्यामुळे चालत्या गाडीत स्टिअरिंगला कुलूप पडत नाही.

बॅटरी उतरलीच तर

पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर बटण दाबल्यास काहीच घडत नाही, विजेवर चालणारे स्टिअरिंगचे कुलूपही सुटत नाही. मॅन्युअल गाडी धक्का मारून सुरू करण्याचा जुना उपाय म्हणूनच येथे भरवशाचा राहिलेला नाही. गाडी ऑनमध्येच जात नसेल तर इंजिनाचा संगणक झोपलेलाच असतो, मग कितीही माणसे लावली तरी उपयोग नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला व मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी, काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूवर पकडावे. या वेळी बंद गाडी ऑफमध्ये असावी. ती ऑनमध्ये राहून बॅटरी उतरलेली असेल तर हेडलाइट, ब्लोअर आणि म्युझिक यांचे स्विच आधी हाताने बंद करावेत. गाडी सुरू झाल्यावर तारा उलट्या क्रमाने काढाव्यात आणि अर्धा-पाऊण तास तरी गाडी चालवावी. बॅटरीची तार सोडून पुन्हा लावली असेल तर घड्याळ मागे पडलेले दिसेल आणि एका स्पर्शात वर जाणारी काच मध्येच थांबेल. अनेक गाड्यांत ती पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच वर ओढून धरला की तिची जुनी सवय परत येते.